मोलॉय कुटुंबाची गोष्ट अर्ध्यावर का थांबते?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, ब्लॅकवूड नदीच्या मुखाशी ऑगस्टा नावाचे गाव आहे. मे १८३० मध्ये तिथे वसाहत करायला उतरलेल्या मोजक्या कुटुंबांपैकी एक मोलॉय यांचे. कॅप्टन जॉन मोलॉय वॉटर्लूच्या लढाईत लढलेले. पत्नी जॉर्जियाना कंबरलंडची, ऐन पंचविशीतली आणि त्या वेळी दिवस भरत आलेली. तिचे पहिले बाळंतपण तंबूत झाले, तेही गळक्या छताखाली, तिच्यावर छत्री धरून. बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागू न देणाऱ्या घरात वाढलेल्या मला हा तपशील ओलांडून चटकन पुढे जाता आले नाही. ती मुलगी दोन आठवडेही जगली नाही. पुढे मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात जॉर्जियाना सांगते की बाळाने तिच्या हातांतच प्राण सोडला, तेव्हा जवळ पतीशिवाय कुणी नव्हते, आणि त्या थडग्यावर मायदेशाचे क्लोव्हर लावले असले तरी त्या रानात ते एकाकीच दिसते.

१८३६ च्या अखेरीस लंडनच्या कॅप्टन जेम्स मँगल्स यांची पेटी आली. तिकडच्या बियांच्या बदल्यात इकडच्या रानफुलांचे बी त्यांना हवे होते. त्या कामाला जेमतेम सुरुवात होते तोच, नोव्हेंबर १८३७ मध्ये, तिचा एकुलता मुलगा विहिरीत बुडाला. दीड वर्षाचे ते पोर रानात भरकटले तर कळावे म्हणून त्याच्या अंगावर छोटी घंटा बांधलेली असे. पुत्रशोकाची सगळी हकिकत तिने लिहिली ती न भेटलेल्या या मँगल्सना, आणि त्यानंतर ती झपाटल्यासारखी बिया गोळा करत राहिली. सातव्या बाळंतपणातून ती उठलीच नाही; एप्रिल १८४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेली. बोरोनिया या रानफुलांच्या झुडपाच्या एका जातीला आज तिचे नाव आहे.

ही कहाणी बहुधा इथे संपवली जाते, आणि माझी तक्रार नेमकी त्यावर आहे. मोलॉय केवळ शोकग्रस्त बाप नव्हते. ते तिथले सरकारी न्यायाधिकारी होते. फेब्रुवारी १८४१ मध्ये वॉनरप येथे, राखेत भाजलेल्या भाकरीच्या वाट्यावरून झालेल्या वादात जॉर्ज लेमन या वसाहतवाल्याने तिथल्या मूळ रहिवासी वारडांडी नूंगार जमातीतील वडीलधाऱ्या गेवेअर यांची दाढी ओढली आणि त्यांनी त्याला भाल्याने मारले. त्यानंतर मोलॉय आणि दुसरे एक वसाहतवाले बसेल यांच्या टोळ्या बंदुका घेऊन निघाल्या. गेवेअर यांच्यासह किती माणसे मारली गेली यावर आजही एकमत नाही. संख्येचा हा वाद दाखवून काही जण तो प्रसंगच पुसट करू पाहतात, याची मला चीड येते.

कुटुंबाच्या इतिहासात वॉनरपला ‘तो काळच तसा होता’ एवढ्या एका ओळीत उरकायचे आणि विहिरीच्या प्रसंगाला पानेच्या पाने द्यायची, हा हिशेब मला मान्य नाही. जॉर्जियानाचे दुःख खोटे ठरवावे असे मी म्हणत नाही. तिची पत्रे वाचताना माझाही गळा दाटतो. पण ज्या रानात तिला आपल्या बाळाचे थडगे एकाकी वाटले, तिथे वारडांडींच्या कित्येक पिढ्या राहत आल्या होत्या. बिया मिळवून देण्यात गोऱ्यांपेक्षा या लोकांचाच आपल्याला अधिक उपयोग होतो, हेही तिनेच मँगल्सना कळवले होते.