पायरीला अर्धा गुण

मी गणिताची शिक्षिका का झाले, याचं खरं उत्तर मी आजवर एकाही मुलाखतीत दिलेलं नाही. मुलाखतीत 'लहानपणापासून या विषयाची गोडी होती' असं सांगायचं असतं, ते मी सांगितलं. खरी गोष्ट अशी की बी.एड.चा फॉर्म भरताना अध्यापन पद्धतीच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं होतं, आणि त्याच आठवड्यात मावशी आमच्याकडे राहायला आली होती. मावशी मराठी शिकवायची. येताना कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठा असा ऐंशी पेपरांचा गठ्ठा घेऊन आली. निबंधाचा विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. मावशी चार दिवस राहिली आणि चारही दिवस पावसाळ्यातच राहिली. ऐंशीच्या ऐंशी निबंधांत बेडूक डराव डराव करत होते, ऐंशी छत्र्या उलट्या होत होत्या आणि ऐंशी आया गरमागरम भजी तळत होत्या. प्रत्येक भजं मावशीला लाल पेनानं तपासावं लागत होतं.

मी रकान्यात 'गणित' लिहिलं. उत्तर बरोबर असेल तर बरोबर, चूक असेल तर फुली. दिवेलागणीच्या आत मोकळं.

पायरीनिहाय गुणदान नावाचा प्रकार असतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. गणितात उत्तर चुकलं म्हणून फुली मारून पुढे जाता येत नाही. पोरगं चुकलं असलं तरी कुठपर्यंत बरोबर आलं होतं, ते शोधत त्याच्या मागे मागे जावं लागतं. पायरीला अर्धा गुण. म्हणजे ज्याचं बरोबर आलं त्याला एक मिनिट आणि जो वाट चुकून रानात शिरला त्याच्यामागे काट्याकुट्यांतून दहा मिनिटं. बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० गुणांची. वर्गात ६२ मुलं. गुणाकार तुम्हीच करा, मला आता होत नाही.

एका पेपरात वडिलांचं आजचं वय उणे सहा वर्षं आलं होतं. खाली 'ताळा : बरोबर' असंही लिहिलं होतं. मी तपासलं, ताळा खरंच बरोबर होता! पोरानं पहिलंच समीकरण उलटं मांडलं होतं, पुढची सगळी आकडेमोड मात्र चोख. जन्माला यायला अजून सहा वर्षं असलेल्या त्या गृहस्थांना मी दोन गुण दिले.

भूमितीत तर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी कोर्टकचेरीच असते आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण द्यावं लागतं. 'कोन अबक = कोन पफब' यापुढे एकानं कारण लिहिलं होतं, '(आकृतीत दिसत आहे)'. दुसऱ्यानं '(बाईंनी सांगितले)'. पहिल्याला शून्य दिलं. दुसऱ्यापाशी माझं लाल पेन थोडं घुटमळलं, हे कबूल करते.

घटक चाचणीत एकदा आगगाडीचं उदाहरण घातलं. १८० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगाने २२० मीटर लांबीचा फलाट किती वेळात ओलांडेल? सेकंदाला २० मीटर, एकूण अंतर ४००, उत्तर २० सेकंद. आमची शाळा नाशिकरोडजवळ आहे, पोरं रेल्वेच्या आवाजावर घड्याळ लावणारी. एकानं लिहिलं, 'उत्तर : २० सेकंद. पण गाडी नाशिकरोडला थांबली तर २ मिनिटे २० सेकंद.' मी पूर्ण गुण दिले. दोन मिनिटांत ज्यानं पोरंबाळं आणि बोचकी घेऊन गाडी पकडली आहे, त्यालाच या उत्तराची किंमत कळेल.

हे झालं शाळेतलं. शाळेबाहेर वेगळंच दुखणं. लोकांना वाटतं, गणिताची बाई म्हणजे चालतंबोलतं कॅल्क्युलेटर. हॉटेलात सात जण जेवले की बिलाचा कागद आपोआप माझ्यासमोर येतो. सोसायटीत खजिनदार मीच. भिशीचा हिशेब मीच. कुणाला सांगायचं की बाबांनो, मी एम.एससी.ला ज्या गणितात पहिला वर्ग मिळवला त्यात आकडे जवळजवळ नव्हतेच, नुसती ग्रीक अक्षरं होती!

भाजीवाल्या मावशींना तर मुळीच सांगू शकत नाही. परवाचीच गोष्ट. साठ रुपये किलोची वांगी पाऊण किलो, एकशेवीसची गवार पाव किलो, चोवीसचे टोमॅटो दीड किलो. मी पिशवीचं तोंड उघडेपर्यंत मावशी म्हणाल्या, "एकशे अकरा." मी दोनशेची नोट दिली. "वरचे अकरा सुटे द्या." मी म्हटलं, "अहो, पण दोनशे दिलेत ना?" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी आठवी ब कडे पाहते. "अकरा द्या, म्हणजे मी शंभराची नोट देते. तुम्ही गणिताच्या ना बाई?"

घरी सासूबाई. चौथी पास. पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी तर झोपेतून उठवलं तरी म्हणतील. दूधवाल्याचं महिन्याचं बिल त्या डोळे मिटून सांगतात. मी मोबाइलवर पडताळून पाहते, तेवढ्यात त्यांचा चहा गाळून होतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी 'साठ तीन' असंही वाचता येईल असा पर्याय आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा सासूबाईंनी मलाच जाब विचारला, जणू पुस्तक मी छापलं होतं. मी म्हटलं, लहान मुलांना जोडाक्षरं जड जातात, म्हणून केलंय. त्या म्हणाल्या, "बरं. तुझा फोन नंबर सांग पाहू मराठीत." मी 'नाइन एट' म्हणून सुरुवात केली आणि तिथेच संपवली.

सगळ्यांत भीती मला दाताच्या डॉक्टरांची वाटते. दाढ दुखते हे कारण दुय्यम. खुर्चीत आडवं करून, तोंडात दोन नळ्या खुपसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय करता आपण?" मी 'गणित' असं काहीतरी उच्चारलं. डॉक्टर थांबले. "सातवीत आम्हाला गणिताला एक बाई होत्या," ते म्हणाले, "चक्रवाढ व्याजाचं सूत्र आलं नाही म्हणून अख्खा तास उभं केलं होतं." आणि ड्रिल सुरू केलं.

तरीही आमच्या जमातीत एक मोठा माणूस होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. इथेच, देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर. डोंबिवली स्टेशनवर काही संख्या सुचल्या म्हणून त्यांना 'डेम्लो' हे नाव देऊन टाकणारा अवलिया. मला त्या स्टेशनवर आजवर फक्त गाडी सुटल्याचं सुचलेलं आहे. ऑफ तासाला वर्ग ताब्यात ठेवायचा असला की मी कापरेकरांना शरण जाते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, त्यातून चढते मांडून वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, की ६१७४ येतेच. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेतलं तर बरोबर सात पायऱ्या लागतात, हे मी फळ्यावर करून दाखवते आणि वर्ग गप्प होतो. शिपायाला वाटतं, वर्गात साहेब आलेत.

परवा आठवीत सानिका उभी राहिली. "बाई, माझं शून्य आलं."

माझ्या पोटात गोळा. कापरेकर खोटे पडले तर ते माझ्याच तासाला पडायचे होते? वही पाहिली. २१११ वजा १११२, बरोबर ९९९. मग ९९९ वजा ९९९, शून्य. मी तिला पुढचं शून्य लिहायला लावलं, ०९९९. आता उतरते ९९९०. पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. तिनं वही ओढून घेतली आणि स्वतः पुन्हा केलं. माझ्यावर विश्वास नव्हता. (कारण : बाईंनी सांगितले, हे तिला चालत नसावं.)

शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीच्या दारात पुन्हा हजर. "बाई, तुमच्या स्कूटीच्या नंबरचं चार पायऱ्यांत आलं. मुख्याध्यापक सरांच्या गाडीचं सहा." मग जरा रेंगाळून, "बाई, गणिताची बाई व्हायला कशासाठी हो आवडलं तुम्हाला?"

समोर सहामाहीचे बासष्ट पेपर होते. त्यातले चार तपासून झाले होते.

"पेपर लवकर तपासून होतात," मी म्हणाले.