इंजिनात लिटरभर ‘नव्वद नंबर’ घालायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, उद्या ट्रकच्या इंजिनाचं ऑइल बदलतोय. पंधरा लिटरमधलं एक लिटर कमी करून नव्वद नंबर टाकू का? लोडमध्ये इंजिन दमत नाही म्हणतात.” नव्वद नंबर म्हणजे गिअर ऑइल. कोण म्हणतं, असं विचारल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुढे पाठवला. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाचं इंजिन मी स्वतः दोनदा खोललेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

‘ट्रकवाल्यांनो, कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात आहे. पुढे काय आहे ते थोडक्यात देतो. तेल जितकं जाड तितकं इंजिन टिकतं, म्हणून त्यात लिटरभर गिअर ऑइल मिसळा. हजार किलोमीटरमध्ये काळं पडणारं तेल बनावट समजा. डब्यावरची सीआय-४, सीके-४ ही अक्षरं फक्त भाव वाढवायला असतात. लोडची गाडी तेल खाते, म्हणून तेलाची पातळी बघायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा दोन लिटर जास्त भरा. फिल्टर दोन वेळा ऑइल बदललं की एकदाच बदला. चाकाचे हब ग्रीसने गच्च भरा आणि कमानपाट्यांना जुनं ऑइल फासा. खाली ‘तीस वर्षांचा अनुभव’ असं लिहिलंय, नाव मात्र कुणाचंच नाही.

गिअर ऑइलपासूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होणार आहे.

नव्वद हा आकडा इंजिन ऑइलच्या चाळीस नंबरपेक्षा मोठा, म्हणून ते तेल दुपटीहून जाड, असा हिशेब यामागे आहे. हा हिशेबच चुकीचा आहे. जाडीचे हे नंबर एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले आहेत आणि त्यांचे तक्ते दोन आहेत. इंजिन ऑइलच्या तक्त्याचं नाव जे-३००, गिअर ऑइलच्या तक्त्याचं जे-३०६. दोन्हींत १०० अंश सेल्सिअसला तेलाची जाडी सेंटिस्टोकमध्ये मोजतात. जे-३०० प्रमाणे चाळीस नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३ च्या आत बसतं आणि पन्नास नंबरचं १६.३ ते २१.९ च्या आत. आता जे-३०६ मध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल कुठे बसतं ते बघा: १३.५ ते १८.५ च्या आत. म्हणजे गरम इंजिनात हे नव्वद नंबर कुठे चाळीसच्या बरोबरीला, कुठे पन्नासच्या खालच्या टोकाला. ज्या जाडीसाठी भाऊ ते टाकायला निघाला होता, ती जाडी त्या डब्यात नाहीच. इंजिनाचं तेल आणि गिअरचं तेल यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींचे आकडे मुद्दाम लांब लांब ठेवलेले आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने तेच आकडे एकाच पट्टीवर मोजले.

जाडी मिळत नाही, मग मिळतं काय? गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियन या गिअरांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, तिथे ती धातूवर थर धरतात आणि दात वाचवतात. तिथे ती हवीतच. पण इंजिनात कनेक्टिंग रॉडचा बुश असतो, टर्बोची बेअरिंगं असतात, शेल बेअरिंगांच्या थरात तांबं असतं. तापलेल्या तेलातलं हे गंधक पिवळ्या धातूंना, म्हणजे तांबं-पितळ-काशाला, खातं. शिवाय डिझेल इंजिनाला जे हवं असतं ते गिअर ऑइलमध्ये नसतंच. काजळी सुटी सुटी तरंगत ठेवणारी रसायनं नसतात, डिझेल जळल्यावर तयार होणारं आम्ल मारणारा अल्कलीचा साठाही नसतो. एक लिटर गिअर ऑइल घातलं म्हणजे बाकीच्या चांगल्या तेलातली ही रसायनंही तेवढी पातळ झाली.

असं एक इंजिन मी खोललेलं आहे. मालकाने लागोपाठ तीन वेळा गिअर ऑइल मिसळलं होतं. तेल साठतं तो खालचा चेंबर उतरवला तर पंपाच्या जाळीवर काळी जेली बसलेली, पंपाला तेल ओढायला अर्धी जाळीसुद्धा मोकळी नव्हती. मेन बेअरिंगच्या शेलांवर तांबं उघडं पडलं होतं. सगळा दोष एका गिअर ऑइलचाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, त्याने फिल्टरही वेळेवर बदलला नव्हता. पण अख्ख्या इंजिनाचं काम निघालं आणि गाडी कितीतरी दिवस उभी राहिली. हप्ता भरणाऱ्या माणसाची गाडी उभी राहणं म्हणजे काय, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना कळत असेल तर त्यांनी हात आवरावा.

आता ‘जाड तेल चांगलं’ या मूळ समजुतीकडे येतो. त्यात थोडं तथ्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. झिजलेलं इंजिन असेल, हवा कायम गरम असेल, तेलाचं प्रेशर कमी दाखवत असेल, तर काही इंजिनांच्या पुस्तिकेतच १५डब्ल्यू-४० (गरम असताना चाळीस नंबर) ऐवजी २०डब्ल्यू-५० (गरम असताना पन्नास नंबर) चालेल असा तक्ता दिलेला असतो. तक्त्यात असेल तर जरूर घाला. तक्त्यात नसेल तर नको. शेल बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्यातली फट काही शतांश मिलिमीटरची असते. तिच्यातून किती जाडीचं तेल किती वेगाने जाईल, याचा हिशेब करून इंजिन बनवलेलं असतं. त्याहून घट्ट तेल घातलं की सकाळी गार इंजिन सुरू करताना ते वरपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि झीज जास्त होते ती नेमकी त्याच वेळात. गार, घट्ट तेल फिल्टरच्या कागदातून पुरेसं जात नाही, मग फिल्टरचा बायपास वॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगांकडे जातं.

यावर हमखास उत्तर येतं, “पण प्रेशर तर वाढलं ना?” वाढतंच. मीटर तेलाची अडवणूक दाखवतो, किती तेल पोचलं ते दाखवत नाही. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं तरी आतला दाब वाढतो, बाहेर पाणी मात्र कमी येतं.

काळ्या तेलाचा मुद्दा मी इतक्या वेळा समजावलाय की आता थकवा येतो. डिझेल इंजिनात काजळी तयार होते आणि ती पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने तेलात उतरते. तिला भिंतींवर बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हे तेलाचंच काम आहे. ते काम करणारं तेल काळं होणारच. नवं तेल भरून इंजिन पाच मिनिटं चालवलं तरी ते काळपट दिसतं, कारण जुन्या तेलाचा काही भाग इंजिनाच्या वाटांमध्ये राहिलेला असतो. उलट हजारो किलोमीटरनंतरही तेल सोन्यासारखं दिसत असेल, तर मला आधी काळजी वाटेल की काजळी इंजिनात कुठे साचते आहे. रंगावरून एवढंच ओळखा: पट्टीवर दुधाळ, चहासारखं तेल दिसलं तर कूलंट मिसळतंय, गाडी थांबवा. आणि न भरता पातळी वर चढली, डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर किंवा पंपाकडून डिझेल उतरतंय. तेलाचं आयुष्य खरंच संपलंय का हे कळायला प्रयोगशाळेत नमुना पाठवतात. तिथे लोखंड, सिलिकॉन, काजळी आणि उरलेली अल्कली मोजतात. बोटावर चोळून यातलं काहीच कळत नाही.

अक्षरांबद्दल. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या वर्गांमध्ये ‘सी’ने सुरू होणारे वर्ग डिझेल इंजिनांचे, ‘एस’ने सुरू होणारे पेट्रोलचे. सीआय-४ हा वर्ग २००२ चा, सीजे-४ २००६ चा, सीके-४ डिसेंबर २०१६ चा. वर्ग बदलले ते इंजिनं बदलली म्हणून. धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला, तेव्हा तेलाची राख हा प्रश्न झाला. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी तापवून जाळता येते, पण तेलातल्या धातूंची राख जळत नाही. ती साचत जाते आणि फिल्टर कायमचा तुंबवते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेवर १ टक्क्याची मर्यादा घातली आहे. डीपीएफवाल्या गाडीत जुन्या वर्गाचं, जास्त राखेचं तेल घालणारा माणूस आज वाचवलेल्या पैशापेक्षा खूप महाग फिल्टर हळूहळू बुजवत असतो. आणि नवीन ते सगळं चांगलं, असंही नाही. सीके-४ सोबतच एफए-४ नावाचा वर्ग आला. त्याचं तेल गरम असताना मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे, ते त्यासाठीच बनवलेल्या इंजिनांना चालतं, जुन्या इंजिनांना नाही. म्हणून डबा घेताना जाडीचा नंबर, वर्ग आणि इंजिन कंपनीची मान्यता असेल तर तो क्रमांक, हे तीनही वाचायचे. हे तीन जुळले तर डब्यावर नाव कोणाचंही असो. ब्रँडच्या मागे धावू नका असं मेसेजमध्ये एक वाक्य आहे, तेवढं बरोबर आहे.

दोन लिटर जास्त भरण्याचा सल्ला वाचून मात्र माझा संयम संपला. चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या जरा वर क्रँकची वजनं फिरत असतात. पातळी चढली की ती तेलाला झोडपतात आणि ताकासारखा फेस काढतात. पंप तो फेस ओढतो. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, आणि बेअरिंगमध्ये तेलाचा थर टिकत नाही. जास्तीचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, उडून हवेच्या पाइपात जातं. तिथून ते सिलिंडरमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल तुटलं तरी त्याला जाळायला तेल मिळत राहतं. वेग चढत जातो आणि हवेची वाट पूर्ण बंद झाल्याशिवाय किंवा इंजिन फुटल्याशिवाय ते शांत होत नाही. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाही. गाडी तेल खात असेल तर ते कुठून जातंय ते शोधा, टर्बो बघा, रिंगा बघा. तोवर एक डबा केबिनमध्ये ठेवा आणि रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्याआधी पट्टी बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं, बस.

फिल्टरवर फार बोलण्यासारखं नाही. नव्या तेलाला जुना तुंबलेला फिल्टर दिला की बायपास उघडा राहतो. प्रत्येक ऑइलला फिल्टर बदलायचा.

हबचं सांगतो. बेअरिंगच्या रोलरांमध्ये ग्रीस दाबून भरायचं हे खरं, पण हबची पोकळी गच्च भरायची नसते. ग्रीस घुसळलं जातं, तापतं, सील ढकलून बाहेर येतं आणि ब्रेकच्या लायनरवर पडतं. लोड घेऊन घाट उतरताना एका चाकाचा ब्रेक लागला नाही तर काय होतं, ते प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. आणि जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं ग्रीस चढवू नका. ग्रीसला घट्टपणा देणारे लिथियमचे साबण, कॅल्शियमचे साबण आणि पॉलियुरिया हे एकमेकांशी जमतीलच असं नाही. न जमणारं मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. रंग सारखा दिसतो म्हणून जात सारखी नसते. गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे त्याच्या सांध्याला, मात्र हात आखडू नका, चारही कपांतून जुनं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत ग्रीसची गन मारा.

पाट्यांना जुनं ऑइल फासलं की त्यावर धूळ चिकटते आणि घासणारी लेई बनते, रबरी बुश फुगतात. शिवाय वापरलेलं इंजिन ऑइल वर्षानुवर्षं उघड्या हाताला लागत राहिलं तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो. ऑइल काढताना हातमोजे घाला, आणि जुनं तेल गाळून शुद्ध करणाऱ्यांनाच द्या.

भावाला मी एवढंच सांगितलं, केबिनमधली पुस्तिका काढ आणि ऑइलचं पान फोटो काढून पाठव. पंधरा मिनिटांत पान आलं. त्यावर १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस किंवा वरचा वर्ग, आणि फिल्टरसकट किती लिटर, सगळं छापलेलं होतं. पुस्तिका गाडीसोबत आली तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत होती.

ज्यांनी हा मेसेज वाचून गिअर ऑइल आधीच घातलंय त्यांनी पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नये. इंजिन गरम असताना सगळं तेल काढा, फिल्टर बदला, पुस्तिकेप्रमाणे तेल भरा. काही शे किलोमीटर चालवून तेही तेल आणि फिल्टर पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या वेळी सगळं निघत नाही. दोन लिटर जास्त भरलं असेल तर इंजिन सुरूसुद्धा करू नका, आधी खालचा नट सैल करून वरच्या खुणेपर्यंत आणा.