शेजाऱ्यांना न विचारता

आमच्या फॅमिली ग्रुपवर परराष्ट्रमंत्री जयशंकरांची स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाची क्लिप अजूनही फिरत असते, जून २०२२ ची, युरोपला आपल्या अडचणी जगाच्या वाटतात पण जगाच्या अडचणी आपल्या वाटत नाहीत असं त्यांनी तोंडावर सुनावलं होतं ती. ऑगस्ट २०२५ मध्ये आपण रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने आणखी २५ टक्के लावून टॅरिफ ५० वर नेला तेव्हा काकांनी तीच परत टाकली आणि खाली लिहिलं, "आता कुणाच्या बापाला विचारायचं नाही!" राग समजतो, आणि तेल घ्यावं हे माझंही मत आहे. पण कुणालाच न विचारता चालायचं ठरवलं की पुढे काय होतं ते मी जर्मनीत बघितलंय.

२०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला आणि तरी पुढच्याच वर्षी नॉर्ड स्ट्रीम २ चा, म्हणजे रशियाचा गॅस समुद्राखालून थेट जर्मनीत आणणाऱ्या पाइपलाइनचा, करार झाला. पोलंड, बाल्टिक देश, युक्रेन सगळे जीव तोडून सांगत होते की हे करू नका, आणि बर्लिनचं उत्तर ठरलेलं, हा धंद्याचा विषय आहे, राजकारणाचा नाही. इथल्या लोकांनाही ते पटायचं, स्वस्त गॅस कुणाला नको असतो. युद्धाआधी जर्मनीच्या आयातीतला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता. पाइपलाइन सप्टेंबर २०२१ मध्ये बांधून झाली आणि एक दिवसही चालली नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे चान्सलर शोल्झ यांनी तिची मंजुरीच थांबवली. युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा गॅस आटला, आणि मग आला तो २०२२ चा हिवाळा. मी सरकारी युनिव्हर्सिटीत काम करतो, १ सप्टेंबरपासून नियमच निघाला की ऑफिसात १९ डिग्रीच्या वर हीटिंग नाही, कॉरिडॉरचे हीटर बंद, हात धुवायच्या नळाचं गरम पाणीही बंद. लोक जॅकेट घालून टाइप करत होते. आणि त्याच महिन्यात सरकारने गॅस-विजेची महागाई सोसायला आपल्यापुरतं २०० अब्ज युरोचं पॅकेज जाहीर केलं, तेही शेजाऱ्यांना न विचारता, म्हणजे ज्यांचं आधी ऐकलं नाही त्यांनाच परत दुखावलं.

सगळ्यांना विचारत बसलं की काय होतं तेही इथेच दिसतं. युरोपियन युनियनमध्ये परराष्ट्र धोरणाला २७ देशांचं एकमत लागतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकट्या हंगेरीने युक्रेनची ५० अब्ज युरोची मदत अडवली, ती फेब्रुवारीत सुटली. असं जोखड भारताने गळ्यात घालून घ्यावं असं मी अजिबात म्हणत नाही.

पण आपल्याकडे एकट्याने उभं राहण्याचं उदाहरण म्हणून कायम १९७१ सांगतात, अमेरिकेचं सातवं आरमार आलं तरी आपण डगमगलो नाही वगैरे, आणि ते खरंच अभिमानाचं आहे, फक्त त्याआधीचे महिने कुणी सांगत नाही. ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनशी करार झाला, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी ब्रसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस, बॉन असं फिरून निर्वासितांचा प्रश्न समजावून आल्या, आणि डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत व्हेटो आपल्या बाजूने पडला. निक्सनने ऐकलं नाही ते ऐकलं नाहीच, पण दिल्लीने आधी माणसं जोडून ठेवली होती.

याच्या उलट इराणचं बघा. मे २०१८ मध्ये ट्रम्प एकट्याने इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडले आणि अमेरिकेचे निर्बंध परत आले. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, आणि मे २०१९ मध्ये त्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपल्यावर इराणचं तेल घेणं आपण बंद केलं. युरोपला तर तो करार टिकवायचाच होता, त्यांनी डॉलर टाळून व्यवहार करायला इन्स्टेक्स नावाची वेगळी व्यवस्था काढली, तिच्यातून जेमतेम काही झालं आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली. म्हणजे आपली आणि युरोपची अडचण तेव्हा तंतोतंत एकच होती, डॉलर आणि अमेरिकन बँकांची भीती, आणि तरी दोघांनी मिळून पैसे चुकते करायची एखादी सोय उभी केली नाही. काकांना मी हेच लिहिलं, की तेल जरूर घेऊ, पण पुढचा टॅरिफ यायच्या आत ब्राझील, जपान, आणि हो, हा युरोपसुद्धा, यांच्याशी ही सोय बोलून ठेवायला हवी, कारण टॅरिफ त्यांनाही लागलेत.