पेन्सिल कुठली वापरली हे बघायचं तरी कशाला? (प्रतिक्रियेला उत्तर)

एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पेन्सिलच्या निसर्गचित्रात भाव बघावा, मी मात्र एच-बी (पेन्सिलीचा कडक-मऊपणा) आणि कागदातच अडकतो, शिवाय मी ज्यावर लिहिलं त्या नदीच्या चित्रात रेघा दिसतात म्हणजे काम अर्धवट आहे. मला दोन्ही पटत नाही.

अहो, पेन्सिलीत पांढरा नसतोच ना! नदीवर जो उजेड तुम्हाला आवडला तो कोरा कागद आहे, म्हणजे तिथे हात लावायचा नाही हे चित्रकाराने आधीच ठरवलेलं, कारण ग्रॅफाइट (पेन्सिलीतला काळा पदार्थ) एकदा कागदाच्या दाण्यात, म्हणजे त्याच्या खरखरीत पोतात, दाबून बसलं की कितीही खोडरबर फिरवा, तो कोरेपणा परत येत नाही. मग तो भाव आला कुठून? याच निर्णयातून की.

काळ्याची गंमत तर वेगळीच. ग्रॅफाइट कोळशाइतकं मिट्ट काळं होत नाही, जोर लावला की उलट चकाकतं आणि तिरक्या उजेडात करडं दिसतं. म्हणून गर्द झाडीत ४बी, ६बी या मऊ, गडद पेन्सिलींचे हलके हलके थर द्यायचे, रेघांची दिशा बदलत, आणि शेजारचा भाग मुद्दाम फिका ठेवायचा, म्हणजे आहे तेवढाच काळा जास्त खोल वाटतो. लांबच्या डोंगराला २एच पेन्सिल पुरते, तिच्यात माती जास्त असते म्हणून ती कडक आणि फिकट उमटते (माती आणि ग्रॅफाइट मिसळून शिसं भाजायची ही पद्धत काँते या फ्रेंच माणसाची, पेटंट १७९५चं).

आता रेघा. बोटाने घासून सगळं गुळगुळीत करता येतं, पण बोटाचं तेल लागून डाग पडतात, दाणा बुजतो आणि झाड, दगड, ढग सगळ्यांचा पोत एकच होऊन बसतो. इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलची १८१३ची खिशात मावेल एवढी स्केचवही बघा, लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहे. तिच्यातल्या रेघा लपवलेल्या नाहीत, तरी ती चित्रं अर्धवट म्हणाल का तुम्ही? महागडं सामान घेतलं की चित्र चांगलं होतं असं मी म्हणत नाहीये, पण ज्या सामानातून ते झालंय ते बाजूला ठेवून भाव वेगळा कसा काढणार, हे मला खरंच कळत नाही. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा.