बेबिंका संपली, यात बेकरीवालीचा काय गुन्हा?

पणजीतल्या जुन्या बेकऱ्यांबद्दल आपल्या मराठी पर्यटकांचे शेरे वाचून हसावं की चिडावं, कळत नाही. बसायला जागा नाही, मेनू कार्ड नाही, साडेअकराला गेलो तर निम्मी फडताळं रिकामी, बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड केक तर संपलेलाच, वर काउंटरवरच्या बाई धड बोलत नाहीत. दिला एक स्टार!

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, पोटापाण्यासाठी पणजीत. आल्यागेल्या पाहुण्यांना फोन्ताईन्हास, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, दाखवायचं काम ओघानेच माझ्याकडे येतं. माझा कौल मात्र बेकरीवाल्यांना. ही दुकानं पर्यटकांसाठी निघालेलीच नाहीत. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली, आसपास वस्ती वाढली, आणि त्या वस्तीला रोज सकाळी पाव लागतो. आजही पोय, उंडो, कडक काकणं असे पावाचे प्रकार न्यायला आधी शेजारपाजारचे येतात. आपण रंगीत भिंतींपुढे फोटो काढत रमतगमत पोचतो, तोवर गल्लीचा नाश्ता कधीच उरकलेला असतो.

परवाचंच सांगतो. एक कुटुंब, बोलण्यावरून सांगली-कोल्हापूरकडचं. "आंटी, बेबिंका व्हेज आहे ना?" आंटी म्हणाल्या, "अंडी आहेत हो त्यात." "मग एगलेस द्या." आता बेबिंका म्हणजेच अंड्याचे बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ. बलक काढले तर उरणार काय? आंटींनी न वैतागता दोदोल पुढे केला. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, अंड्याचं नावही नाही. वहिनींनी तुकडा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर हलवा!" गेले तसेच. खाल्ला असता तर दोन डबे नेले असते, पैज लावतो.

बेबिंका झटपट होत नाही, हेही लोकांना ठाऊक नसतं. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस होऊ द्यायचा, वर तूप, मग पुढचा थर. असे निदान सात. अर्धा दिवस त्यातच जातो. २०२३ मध्ये तिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि मागणी वाढली. पण म्हणून थर लवकर भाजले जात नाहीत. रस्त्याकडेच्या दुकानात खोक्यातली हवी तेवढी मिळते. ती खाऊन 'ठीक आहे, गोडमिट्ट' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

बेकरीवाल्यांचंही सगळं बरोबर नाही. दराची पाटी लावायला काय जातं? पाकिटावर तारीख नसते, वजन नसतं. गिऱ्हाईकाने विचारलं की कपाळाला आठ्या. ही तक्रार रास्तच आहे. फोटोवरून ओरडतात म्हणाल, तर लोकांच्या दारात, पायरीवर ठाण मांडून रील काढणारे आपणच. तिथल्या घरांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या उगाच नाही लागल्या.

तेव्हा येणार असाल तर बेबिंका आदल्या दिवशी सांगून ठेवा. सकाळी लवकर या, सुटे पैसे आणा, आणि निघताना आंटींना 'देव बरें करूं', म्हणजे कोकणीत धन्यवाद, म्हणून बघा. बेबिंका तुपामुळे टिकते, ती खुशाल घरी न्या. पोय मात्र आंबोली घाट चढायच्या आत संपवा.