आधी बदल्यात काय देणार ते सांगा
इंग्लंडमध्ये नदीवर हौसेनं गळ टाकायला परवाना लागतो, मग समुद्रावर का नको, असं विचारणाऱ्यांनी बास या समुद्री माशाचं उदाहरण बघावं. मादीला गाबोळी धरते ती साधारण ४२ सेंटीमीटरला (तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत). पकडून ठेवायचं कायदेशीर किमान माप मात्र ३६ होतं, म्हणजे एकदाही अंडी न घातलेली मादी खुशाल टोपलीत! २००७ मध्ये ते ४० करायचं ठरलं आणि सरकारनंच ते फिरवलं. ४२ व्हायला २०१५ उजाडलं. अशा सरकारच्या हाती परवान्याचे पैसे कोण देईल? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं २००१ मध्ये खाऱ्या पाण्यालाही फी लावली, पण ती वेगळ्या ट्रस्टमध्ये जाते. तिच्याच जोरावर व्यापारी मच्छीमारांचे परवाने विकत घेऊन ३० ठिकाणं गळवाल्यांसाठी जवळपास मोकळी केली.