एक दिवस चुकला म्हणून काय झालं?

‘२१ दिवस रोज चित्र काढा, सवय लागेल, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा’ हा तुमच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. २१चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याला सरावायला ‘किमान’ एवढे दिवस लागतात, असं ते म्हणत होते. ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळला. फिलिपा लॅली या संशोधिकेच्या लंडनमधल्या अभ्यासात (२०१०) सवय लागायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस सुटल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. अर्थात तिथे सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रकलेच्या नव्हत्या.

माझ्या अनुभवात खरी अडचण निराळीच आहे. जलरंगांचा पसारा मांडायचा, कागद बोर्डाला टेपने चिकटवायचा, पाणी आणायचं, एवढ्यात कुकरची शिट्टी होते. म्हणून मी ट्यूबमधले रंग छोट्या डबीत वाळवून ठेवलेत. ओला ब्रश फिरवला की पुरे. जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापलेला असतो. लोकलमध्ये तर नुसतं बॉलपेन, तेही बसायला जागा मिळाली तर! झोपलेल्या प्रवाशांसारखी फुकटची मॉडेल्स दुसरीकडे मिळायची नाहीत. तेव्हा नवशिक्यांच्या खरेदीच्या यादीत तुम्ही पहिल्या नंबरावर ईझल (चित्र ठेवायचा स्टँड) ठेवलंय, ते आधी यादीतून काढा.